पहाटे चारला फोन उठवायचा की झोपू द्यायचा?

ऐरोलीकर:
वाशीच्या भाजी मार्केटातल्या व्यापाऱ्यांसाठी छोटं अ‍ॅप केलंय. रात्रभर गाड्या खाली होतात, पहाटे गिऱ्हाईक. तोवर आवक आणि भाव फोनवर उतरलेले हवेत, कारण गाळ्यात रेंज येते-जाते. वर्कमॅनेजरला, म्हणजे अ‍ॅपची कामं मागच्या मागे चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाला, दर १५ मिनिटांचं काम लावलं. माझ्या टेबलावर चार्जिंगला असलेल्या फोनवर सगळं चोख. गाळ्यावर मात्र साडेचारला पावणेदोनचे भाव! माझं स्पष्ट मत: वर्कमॅनेजर असल्या कामाचा नाही. सरळ एक्झॅक्ट अलार्म लावावा. चारला उठ म्हटलं की उठलंच पाहिजे.

घणसोली_स्लो:
तुम्ही ‘दर १५ मिनिटांनी’ वाचताय. अँड्रॉइड वाचतं ‘१५ मिनिटं होण्याआधी नाही’. त्याहून कमी लिहिलंत तर मुकाट १५ धरतं, जास्तीच्या उशिराला मात्र हद्द नाही. स्क्रीन बंद, चार्जर नाही, फोन निपचित पडलेला, की डोझ (बॅटरी वाचवायची फोनची झोप) लागतो. हे २०१५ च्या मार्शमेलोपासून चालू आहे. नेट तोडलं जातं, कामं साठवून अधूनमधून एकदम सोडली जातात, आणि हे ‘अधूनमधून’ रात्र चढेल तसं लांबत जातं. तुमचा फोन चार्जिंगला होता, त्याला डोझ ठाऊकच नाही. चार्जर काढून एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं साधन) जबरदस्तीने डोझमध्ये ढकला, टेबलावरच पावणेदोन वाजतील.
आणि अलार्म? अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी लागते, १४ वर नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. मिळाली तरी डोझमध्ये अलार्म वाजल्यावर साधारण १० सेकंदांची मुभा. तुमच्या गाळ्यातल्या रेंजवर १० सेकंदांत काय उतरणार?

तीन_हात_नाका:
दोघंही फोनच्या घड्याळाच्या मागे लागलाय. भाव कधी बदलला हे फोनला कुठून कळणार? सर्व्हरला कळतं. त्यानेच एफसीएमवरून (फोनला निरोप धाडणारी गूगलची सेवा) हाय प्रायॉरिटी हाक मारावी, ती डोझमध्येही पोचते.

ऐरोलीकर:
पोचते, पण तिच्यामागून नोटिफिकेशन दाखवलं नाही तर गूगल पुढच्या हाकांची प्रायॉरिटी उतरवू शकतं. आणि दाखवलं तर रात्रभर टुणटुण. ते करून पाहिलं, शिव्या खाल्ल्यात.

पनवेल_फास्ट:
आयफोनवाले आहेत का कोणी? तिथे २०१९ च्या आयओएस १३ पासून बीजीटास्कशेड्युलर आहे, वर्कमॅनेजरसारखीच सोय. ‘याआधी नको’ एवढंच आपण सांगायचं, कधी ते फोन ठरवणार. तिथे वादच नाही, म्हणून विचारलं.

सानपाडा_पूर्व:
मी मापाड्याच्या घरातला, म्हणून व्यापाऱ्यापेक्षा हमालाच्या बाजूने बोलतो. फोन जुना, बॅटरी फुगायच्या बेतात, आणि प्रत्येक अ‍ॅपला वाटतं आपलंच काम तातडीचं. मरू दे ते रात्रीचं सिंक. अ‍ॅप उघडल्यावर भाव आणा, आणि वर ठळक लिहा: ‘भाव १:४५ चे’.

ऐरोलीकर:
लिहिलं होतं. गाळेवाला म्हणाला, शिळा माल मी तरी मांडतो का?

घणसोली_स्लो:
मग त्याला सांगा, रात्री फोन चार्जिंगला लावून ठेव. चार्जरवर डोझ लागत नाही, एक ओळ कोड नको.

ऐरोलीकर:
सांगितलं. गाळ्यात प्लग एकच आहे, त्याला वजनकाटा लावलाय.