युर्टची दारं-खिडक्या: सांगाड्याची ऑर्डर देण्याआधी सल्ला हवा आहे

शेतघर_खारघर

नमस्कार मंडळी. मुरबाड तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तिथलं मातीचं घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून वीस फूट व्यासाचा युर्ट बांधायचं ठरवलं आहे. मंगोलियातल्या पशुपालकांच्या गोल घराचा हा आजचा प्रकार: दगडी जोत्यावर लाकडी तळ, भोवती लाकडी जाळीची भिंत, वर वासे आणि सगळ्यावर जाड पीव्हीसीचं कापड. आई वर्षातले बरेच दिवस तिथे राहील, आम्ही शनिवार-रविवारी खारघरहून जाऊ.

युर्ट बनवून देणाऱ्यांच्या नकाशात एक अरुंद दार दक्षिणेला आहे, तीन खिडक्या पारदर्शक प्लास्टिकच्या (गुंडाळून वर बांधायच्या) आणि माथ्यावर पारदर्शक घुमट. मला पाच फुटी, दोन झडपांचं दार हवं आहे. रस्ता पश्चिमेला, म्हणून दारही पश्चिमेला. पूर्वेकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगड समोर दिसतात, तिकडे चार फुटी काचेची सरकती खिडकी. ते म्हणतात, आधी सांगाडा घ्या, काचेच्या खिडक्या गावातला सुतार नंतर जाळी कापून बसवेल. हे बरोबर आहे का? शिवाय आईचे गुडघे दुखतात, तर उंबरा अजिबात न ठेवता चालेल का?

रंधा (ठाणे)

जाळी नंतर कापणं कृपा करून होऊ देऊ नका. वागळे इस्टेटला माझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, कर्जत-शहापूरकडच्या शेतघरांसाठी गोल लाकडी बांधकामं आम्ही करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या नेहमीच्या घरात भिंत स्वतःच्या बळावर उभी असते आणि दार तिच्यात बसवतात. युर्टमध्ये दाराची चौकटच भिंतीला उभं ठेवते. छताचे वासे वर माथ्यावरच्या गोल कड्यात अडकलेले असतात आणि खालच्या टोकाने भिंतीला सतत बाहेर ढकलत असतात. भिंत पसरू नये म्हणून तिच्या माथ्याभोवती काहीतरी आवळावं लागतं. मंगोल लोक घोड्याच्या केसांचे दोर आवळत आले, आताच्या युर्टमध्ये वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, असतो. जाळीची दोन्ही टोकं चौकटीला बांधली की वर्तुळ पुरं होतं, आणि मग रोपमधला ताण दारावरूनही तेवढाच जातो जेवढा बाकी भिंतीवरून. चौकट पातळ असेल, सांधे नुसते खिळ्यांवर असतील, तर आधी दार घासायला लागतं आणि मग छत बसायला लागतं.

म्हणून दार ठरल्याशिवाय सांगाडा ठरत नाही. ऑर्डर देताना भिंत सात फुटी मागा. सहा फुटी भिंतीत उभ्या माणसाचं दार रोपखाली मावत नाही. तिकडची जुनी दारं वाकूनच जाण्याइतकी ठेंगणी असतात ती यामुळेच. रोप चौकटीच्या वरून अखंड गेला पाहिजे. दाराशी तोडून दोन हुकांत अडकवलेला रोप मी तरी स्वीकारणार नाही. दारावर जाळी नसल्यामुळे तिथले वासे थेट चौकटीच्या वरच्या लाकडावर येतात, तेव्हा ते लाकूड निदान सहा इंच उभं आणि तीन इंच जाड असू द्या.

आता रुंदी. गोल भिंतीत सरळ चौकट बसवली की तिचा मध्य वर्तुळाच्या आत जातो. किती, ते काढायला सोपं आहे: रुंदीचा वर्ग करायचा आणि व्यासाच्या चौपटीने भागायचं. चार फुटी खिडकीला 16 भागिले 80, म्हणजे 0.2 फूट, जवळजवळ अडीच इंच. पाच फुटी दाराला पावणेचार इंच. साडेतीन फुटांना दोन इंचांच्या आत. हे इंच कापडाला झाकावे लागतात, आणि खिडकीच्या माथ्यावर कापड जिथे वाकतं तिथेच पावसाचं पाणी साचतं. पाच फुटांचा आग्रह सोडा असं मी मनापासून सांगेन. साडेतीन फुटी एका झडपेच्या दारातून कपाटही आत जातं.

चार फुटी खिडकी होईल, पण तिला दाराइतकंच गंभीरपणे घ्या. दोन्ही बाजूंना तळापासून रोपपर्यंत अखंड खांब, रोपखाली आडवं लाकूड, तळापासून दोन फुटांवर दुसरं आडवं लाकूड, आणि जाळीची कापलेली प्रत्येक पट्टी खांबाला बोल्टने पकडलेली. म्हणजे खालचा भाग भरलेलं दारच म्हणा. वीस फूट व्यासाला चार फुटी चौकट बसवताना खांबांच्या कडा साधारण साडेअकरा अंशांत तासाव्या लागतात. हे काम वर्कशॉपमध्ये होतं, शेतावर शिडीवर उभं राहून होत नाही. दार-खिडक्यांच्या दोन चौकटींच्या मध्ये पाच-सहा फूट तरी अखंड जाळी राहू द्या.

दिशेचं सांगतो. मंगोलियात दार दक्षिणेला असतं कारण थंड वारा उत्तर-वायव्येकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा आणि झड नैऋत्य-पश्चिमेकडून येते. दक्षिणेला किंवा पश्चिमेला दार म्हणजे चार महिने दारातून पाणी. तुमचे गड पूर्वेला आहेत हे नशीबच. दार पूर्वेला किंवा ईशान्येला घ्या, रस्त्यापासून जोत्याला वळसा घालून फरसबंद पायवाट करा, आणि पश्चिमेची भिंत पूर्ण बंद ठेवा.

माथ्यावरचा पारदर्शक घुमट मला सगळ्यात जास्त खटकतो. किर्गिझस्तानच्या झेंड्यावर जे गोल चिन्ह आहे ते युर्टच्या माथ्याचं हेच कडं. त्यातून तिकडे धूर जातो, उजेड येतो. पण मंगोलियाची राजधानी उलानबातर जवळपास 48 अंश उत्तरेला. तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य कधी डोक्यावर येत नाही. ठाणे जिल्ह्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो. ऐन दुपारी सूर्य त्या घुमटातून सरळ आईच्या अंथरुणावर येईल. घुमट दुधी आणि उचलता येणारा घ्या, खालून हँडलने फिरवून आठ-दहा इंच वर जाईल असा. त्यावर फूटभर अंतर सोडून पत्र्याची टोपी. गरम हवा वर जाऊन तिथून निघेल, आणि तिची जागा घ्यायला खालून हवा यावी म्हणूनच खिडक्या खाली, दोन फुटांवर ठेवायला सांगितल्या. मंगोल लोकही उन्हाळ्यात भिंतीवरच्या नमद्याची (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) खालची कड वर गुंडाळतात, ती याचसाठी.

ऐरोलीकरीण

रंधाकाकांनी खिडक्यांचं नीट सांगितलंच आहे, मी फक्त प्लास्टिकचं लिहिते. शहापूरजवळ आमच्याकडे कापडी निवारे आहेत, त्यांना अशाच गुंडाळायच्या पारदर्शक खिडक्या होत्या. उन्हाने त्या पिवळट आणि कडक होतात. पावसाळ्यात ओल्याच गुंडाळल्या तर पदर एकमेकांना चिकटतात, आणि उलगडल्यावर घडीच्या रेषेवर काळी बुरशी दिसते. ती पुसून जात नाही. शिवाय पाऊस आला की त्या बाहेर जाऊन बंद कराव्या लागतात. दादा, तुमच्या आई रात्री दोन वाजता झडीत बाहेर जाऊन चेन लावत बसणार का? आतून बंद होणारी खिडकीच घ्या. आणि खिडकीला किड्यांसाठी जाळी लावा, स्टीलची, बारीक छिद्रांची. पहिल्या पावसानंतर दिव्यावर पंखवाले किडे येतात तेव्हा तिचं महत्त्व कळेल. घुमटाच्या फटीलाही जाळी विसरू नका.

काचकाम_तुर्भे

सरकती खिडकी इथे नको. तिच्या खालच्या पट्टीत पाणी आणि माती साठते, आणि एका वेळी अर्धीच उघडते. वर बिजागरी असलेली, बाहेर ढकलायची खिडकी घ्या. रिमझिम चालू असतानाही उघडी ठेवता येते, काचच छज्जाचं काम करते. चार फुटांत दोन-दोन फुटी दोन झडपा करा, वजन आवाक्यात राहतं. काच टफन्ड, 5 मिमी. चौकटीवर जो पत्र्याचा छज्जा येईल त्याची वरची कड कापडाच्या आत आणि खालची कड बाहेर, हे उलटं झालं तर कितीही सिलिकोन भरा, गळणारच. कापड चौकटीला नुसतं चिकटवू नका. रबराची पट्टी, त्यावर लाकडी किंवा अॅल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेस स्क्रू.

शेतघर_खारघर

तिघांचेही मनापासून आभार. दार पूर्वेला, साडेतीन फुटी. सरकती खिडकी रद्द. गडांकडे दार आलं तर खिडकी त्याच्या शेजारी ईशान्येला घेता येईल ना? उंबऱ्याचं राहिलंच. आणि लाकूड कोणतं? ते पाइन म्हणत आहेत.

रंधा (ठाणे)

ईशान्येला घ्या, मध्ये सहा फूट जाळी ठेवून. दुसरी खिडकी आग्नेयेला आणि एक लहान उत्तरेला.

चौकटींना पाइन नको. आपल्या दमटपणात ते फुगतं आणि वाळवीला फार आवडतं. ठाण्या-मुंबईत पाडलेल्या चाळींचं जुनं सागवान मिळतं, तेच घ्या. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्यामुळे फारसं हलत नाही. घेताना जुने खिळे सगळे काढून घ्या, आणि कापलेलं टोक टोकरून बघा, आत भुसा निघाला तर तो तुकडा परत. तरीही दाराला चारी बाजूंनी सूतभर (इंचाचा आठवा भाग) मोकळी जागा ठेवा. मेमध्ये घट्ट बसवलेलं दार जुलैत उघडत नाही.

उंबरा. मंगोलियातही उंबऱ्यावर पाय देत नाहीत, आपल्याकडे तर त्याची पूजाच होते. मला तो काढायला आवडत नाही आणि इथे तर काढूच नका. चौकटीचे दोन पाय खालून तोच जोडून ठेवतो, नाहीतर रोपच्या ताणाने चौकट तिरकी होईल. पण तो वर दिसायलाच हवा असं नाही. चौकटीचं खालचं लाकूड तळाच्या फळ्यांत उतरवून घ्या, पाऊण इंच वर राहू द्या, त्याला दोन्हीकडून उतार. बाहेरचा ओटा आतल्यापेक्षा दोन इंच खाली, दारापासून लांब उतरता. एवढं आईंना सहज ओलांडता येईल. दार बाहेर उघडणारं करा, म्हणजे वारा ते चौकटीवरच दाबतो आणि पाणी आत येत नाही. ओट्यावर चार-पाच फुटी पडवी लागेलच, ती मात्र स्वतःच्या खांबांवर उभी करा. युर्टच्या वाशांना किंवा रोपला बांधली तर वादळी वाऱ्यात पडवी छताला उचलू बघते.

आणि आईंसाठी चौकटीच्या आत, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, तीन फुटांवर एक उभी सागवानी मूठ बसवून घ्या. तिथे खांब भक्कम आहेच. बोल्ट आरपार घाला, नुसता स्क्रू नको.

सांगाड्याचा नकाशा बदलून आला की इथे टाका. पैसे देण्याआधी मी एकदा मापं तपासून देतो.