प्रार्थनेत युद्धातल्या लेकरांसाठी काही मागावं का? आमच्या मंडळात वाद झाला

तिवसा तालुक्यातून
नमस्कार मंडळी. आमच्या गावात दिवेलागणीला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, पंधरावीस माणसं असतात, बाया कापूस वेचून थकून येतात तरी बसतात. गुरुवारी मी म्हटलं का गाझात, युक्रेनमध्ये, सुदानमध्ये साधी माणसं मरून राह्यली, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत बसू. तर एक काका उठलेच. म्हणे कापसाले भाव नाही, आपल्याच घरी मरण आन तू दुनियेचं काय घेऊन बसला. मी चूप बसलो पण रातभर झोप नाही. मोबाईलवर एक पोट्टा पाह्यला होता, पिठाची थैली छातीशी धरून पळत होता, थैली फाटलेली, मागं पिठाची रेघ पडत चाललेली आन त्याले पत्ताच नाही. माझा पोरगा तेवढाच आहे. नुसत्या प्रार्थनेनं काही होते का? आन देवाधर्माच्या मंडळानं यात पडावं का?

सेलूची ताई
भाऊ, काकांना विचारा, तुमचं मंडळ ज्यांनी काढलं ते तुकडोजी महाराज 1955 साली जपानला कशासाठी गेले होते? विश्वधर्म परिषदेला, खंजिरी घेऊन, आणि हिरोशिमावर बॉम्ब पडून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. वर्ध्यात गीताई मंदिराजवळ पांढरा विश्वशांती स्तूप आहे ना, तो पण जपानचे बौद्ध भिक्खू फुजी गुरुजी यांच्या संघाचा, ते स्वतः वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटलेले. आणि 23 जुलै 1939 ला गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळा म्हणून पत्र लिहिलं ते वर्ध्याहूनच. इंग्रजांनी ते पुढं जाऊ दिलं नाही, युद्ध झालंच. तरी लिहिलं. पोप फ्रान्सिस गाझातल्या चर्चला जवळपास रोज संध्याकाळी फोन करायचे, आज काय जेवले विचारायचे, दवाखान्यात भरती असतानाही. युद्ध थांबलं नाही त्यानं, पण आत अडकलेल्यांना रोज कोणीतरी विचारत होतं, हे मला लहान वाटत नाही.

माजी फौजी, बुलडाणा
प्रार्थना करा पण मागणं नेमकं करा. नुसती शांती शांती म्हटलं का कोणालेच काही करा लागत नाही. 1949 चा चौथा जिनिव्हा करार आहे, जे लढत नाहीत त्यांच्यासाठी. दवाखान्यावर हल्ला नाही, साध्या माणसाले ओलीस धरणं नाही, औषध आन लेकरांचं खाणं जाऊ द्यायचं. भारतानं तो मानला आहे, 1960 चा कायदा बी आहे आपला, म्हणून हे मागणं देशाच्या विरोधात होते असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. तुमच्या खासदाराले मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या. फक्त एकाच बाजूच्या मेलेल्यांचं नाव घेऊ नका, ओलीस नेलेले इस्रायलचे म्हातारे-लेकरं बी लिहा आन गाझातले बी.

बाळापूर
आमच्या मशिदीत दुआ होते रोज. इस्लामचे पहिले खलिफा अबू बकर यांनी फौज पाठवताना बजावलं होतं का बाया, लेकरं, म्हातारे मारायचे नाहीत, मठातल्या साधूले हात लावायचा नाही, फळाचं झाड तोडायचं नाही. आपण संत्र्याचे लोक, झाड तोडलं का किती वर्षं जातात हे आपल्याले कोणी सांगायची गरज नाही. पत्र तयार झालं का सांगा, इथल्या मशिदीच्या कमिटीची सही मी आणतो.

तिवसा तालुक्यातून
सगळ्यांचे आभार. काल घरी सांगत होतो तर माय म्हणे काकाले अश्वत्थामा सांग. झोपलेली पोरं मारली रातच्याले, म्हणून कपाळाची जखम घेऊन तेल मागत फिरते अजून. आज सकाळी पानठेल्यावर सांगितलं. काका काही बोलले नाहीत, मग विचारते झाले का पत्रात कापसाच्या भावाचं बी टाकता येईल का. मी म्हटलं त्याचं वेगळं पत्र लिहू, तेही मीच लिहितो. गुरुवारी दोन्ही वाचून दाखवतो. फौजी दादा, कराराचं नाव मराठीत नीट कसं लिहायचं तेवढं पाठवा.