मनरेगाच्या जागी नवा कायदा: नोट्समधल्या ‘६०’चे नेमके किती अर्थ?

पूर्व_पुन्हा_एकदा विचारतो:

डिसेंबर २०२५ मध्ये ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ कायदा आला. बोलीत सगळे ‘व्हीबी-जी राम जी’ म्हणतात तोच. नोट्स अपडेट करायला बसलो आणि घोळ झाला. जुन्या मनरेगाच्या पानावर ‘६०:४०’ आहे, नव्या कायद्याच्या पानावरही ‘६०:४०’ आहे, आणि एका क्लासच्या पीडीएफमध्ये ‘६० टक्के शेतीसाठी’ असं काहीतरी आहे. दुसऱ्या पीडीएफमध्ये एकच ओळ: ‘१०० चे १२५ दिवस झाले, मागणीनुसार काम बंद.’

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे साठचे आकडे वेगवेगळे आहेत का? आपला १९७७ चा रोजगार हमी कायदा यात कुठे बसतो? आणि मुख्य परीक्षेत यावर १५ गुणांचा प्रश्न आला तर मुद्दा कुठून धरायचा? राज्यसेवा आणि यूपीएससी दोन्ही, मराठी माध्यम.

---

कलम_बाविसावं:

साठचे चार अर्थ आहेत. एका पानावर चौघांना शेजारी बसवा, म्हणजे परत चूक होणार नाही.

पहिला, जुन्या कायद्यातलं अकुशल आणि कुशल खर्चाचं प्रमाण. मजुरीवर किमान ६०, साहित्य आणि कुशल-अर्धकुशल मजुरी मिळून कमाल ४०. पंचायत समितीत ‘६०:४० सांभाळा’ म्हणतात ते हे. सिमेंट, खडी, मुरूम लागणारी कामं जास्त घेतली की कुशलचा खर्च चाळीसच्या वर जातो. मग तो खाली आणायला बांधबंदिस्ती, वृक्षलागवड अशी मजूरप्रधान कामं सोबत घ्यावी लागतात. पाणंद रस्त्यांची कामं कुठे अडतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दुसरा, जुन्या कायद्याच्या अनुसूची १ मधला. जिल्ह्यातल्या कामांपैकी खर्चाच्या हिशेबाने किमान ६० टक्के कामं जमीन, पाणी आणि झाडांमार्फत शेती व संलग्न व्यवसायांशी थेट जोडलेली असावीत. पीडीएफवाला बहुधा हेच सांगत होता.

तिसरा, नव्या कायद्यातला निधीचा वाटा, कलम २२. केंद्र ६०, राज्य ४०. ईशान्येकडची राज्यं, उत्तराखंड, हिमाचल आणि जम्मू-काश्मीर यांना ९०:१०. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांचा पूर्ण खर्च केंद्राकडे. महाराष्ट्र आणि गोवा दोघेही ६०:४० मध्ये.

चौथा, नव्या कायद्यातलं कलम ६. पेरणी आणि काढणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवस काम बंद ठेवायची तरतूद.

आता मुख्य गोष्ट, कारण परीक्षक हीच विचारणार. जुन्या कायद्यात निधीचं सूत्र सरळ टक्केवारीत नव्हतंच. अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, आणि साहित्य-कुशल खर्चाचा तीन-चतुर्थांश केंद्राचा. शंभर रुपयांचं काम घ्या, प्रमाण अगदी ६०:४० धरा. मजुरीचे ६० केंद्राचे. साहित्याच्या ४० पैकी ३० केंद्राचे, १० राज्याचे. म्हणजे केंद्र ९०, राज्य १०. प्रशासकीय खर्च यात धरलेला नाही. साहित्य ३० रुपयांचंच असेल तर राज्याचे फक्त साडेसात.

नव्या सूत्रात त्याच शंभर रुपयांत राज्याचे ४०. दहाचे चाळीस, म्हणजे चौपट. ‘६०:४० तसंच राहिलं’ असं वाटतं ते आकडा सारखा दिसतो म्हणून. प्रत्यक्षात जुना आकडा खर्च कशावर करायचा याचा होता, नवा आकडा तो कोणी करायचा याचा आहे.

आणखी एक पडताळा. नव्या योजनेला वर्षाला राज्यांच्या वाट्यासह १,५१,२८२ कोटी रुपये लागतील असा केंद्राचा अंदाज आहे, त्यात केंद्राचा वाटा सुमारे ९५,६९२ कोटी. १,५१,२८२ चे ६० टक्के काढले तर ९०,७६९ येतात. वरचे जवळपास पाच हजार कोटी ९०:१० वाल्या राज्यांमुळे आणि केंद्रशासित प्रदेशांमुळे. आकडा पाठ करण्यापेक्षा ही वजाबाकी एकदा स्वतः करून बघा, मग तो विसरत नाही. तुलनेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातली मनरेगाची तरतूद ८६,००० कोटी होती. पण दोन्ही आकडे एका ओळीत ठेवून ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असा निष्कर्ष लिहू नका. एक अर्थसंकल्पी तरतूद आहे, दुसरा पूर्ण वर्षाच्या गरजेचा अंदाज.

---

राजपत्र_वाचक:

तारखांचं तेवढं सांगतो. विधेयक मांडलं, सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कायदा लागू झाला, या चार वेगळ्या घटना आहेत. हे विधेयक १६ डिसेंबर २०२५ ला लोकसभेत मांडलं गेलं, संमती २१ डिसेंबरला. ‘लागू’ ही तारीख केंद्राच्या स्वतंत्र अधिसूचनेने ठरते, ती राजपत्रातूनच घ्यायची, युट्यूबच्या थंबनेलवरून नाही.

जुन्या कायद्याचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. कायदा २००५ चा, ७ सप्टेंबर २००५ ला अधिसूचित. अंमल २ फेब्रुवारी २००६ पासून, तोही फक्त २०० जिल्ह्यांत. १ एप्रिल २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. महात्मा गांधींचं नाव २ ऑक्टोबर २००९ पासून. या चारांतल्या कुठल्याही दोन तारखांची अदलाबदल करून विधान तयार करता येतं, आणि करतातही.

दिवसांचा सापळा वेगळाच. जुन्या योजनेत १०० हा मूळ हक्क. दुष्काळ किंवा नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात केंद्र आणखी ५० दिवस देऊ शकत होतं. वनहक्काखालच्या जमिनीशिवाय दुसरी खाजगी मालमत्ता नसलेल्या आदिवासी कुटुंबांना १५० दिवस. त्यामुळे ‘मनरेगाअंतर्गत कोणत्याही कुटुंबाला १०० पेक्षा जास्त दिवस काम मिळत नसे’ हे विधान चूक.

---

मजूर_मागणी_पुरवठा:

‘मागणीनुसार काम बंद’ या ओळीवर मात्र आक्षेप आहे. हे पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. म्हणूनच एका ओळीत ते लिहू नये.

कायद्याच्या कलम ५(१) मध्ये किमान १२५ दिवसांची हमी आहे. मागितल्यापासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेरोजगार भत्ता, हेही कायम आहे. म्हणजे मजुराच्या बाजूने हक्क कागदावर शाबूत. बदल झालाय तो पैशाच्या बाजूने. जुन्या कायद्यात जितकी मागणी येईल तितकी मजुरी केंद्राने द्यायची, वर मर्यादा नव्हती. पैसे वेळेत न सोडणं, थकबाकी पुढच्या वर्षात ढकलणं हे होत होतं, पण तत्त्व मागणीचं होतं. नव्यात कलम ४(५) प्रमाणे केंद्र दरवर्षी काही वस्तुनिष्ठ निकषांवर राज्यनिहाय नियतवाटप (त्या वर्षी राज्याला द्यायची आधीच ठरवलेली रक्कम) ठरवणार, आणि त्यावर खर्च गेला तर तो राज्याने उचलायचा.

आता मजा बघा. दुष्काळ पडतो तेव्हा मागणी वाढते, आणि नेमका त्याच वर्षी राज्याचा स्वतःचा महसूलही आटलेला असतो. वाटपाच्या वरचा बोजा त्या वर्षी राज्यावर. या कायद्याचं मूल्यमापन करायचं तर दुष्काळी वर्षाचं करा, सरासरी वर्षाचं नाही. सरासरी वर्षात तर १०० दिवसही भरत नव्हते. देशपातळीवर कुटुंबामागे मिळालेलं काम अलीकडे ५० दिवसांच्या आसपास राहिलंय. ‘१०० चे १२५’ ही बातमी म्हणून ठीक आहे, उत्तराचा कणा म्हणून कमजोर.

साठ दिवसांच्या खंडाबद्दल: तो सलग असायची गरज नाही. राज्य तो आगाऊ जाहीर करतं आणि हवामान-विभागानुसार जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत पातळीवर वेगळा ठेवू शकतं. कोकणात भाताची लावणी जून-जुलैत, कापणी ऑक्टोबरमध्ये. विदर्भात कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून पुढे दोन-तीन महिने चालते. दोन्हीकडे एकच तारीख लावली तर एका ठिकाणी शेतकऱ्याला मजूर मिळणार नाही, दुसरीकडे रिकाम्या मजुराला काम. समर्थक म्हणतात ३६५ वजा ६० म्हणजे ३०५ दिवस उरतात, १२५ त्यात सहज बसतात. वजाबाकी बरोबर आहे. भूमिहीन मजुराची सौदाशक्ती त्या साठ दिवसांत काय होते, हा टीकाकारांचा मुद्दा. उत्तरात दोन्ही लिहा.

---

पागेंच्या_तालुक्यातून:

महाराष्ट्राचा भाग. इथे बरेच जण ‘केंद्राच्या योजनेची प्रेरणा महाराष्ट्र’ एवढं लिहून थांबतात.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैशासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर अजून दिसतो तोच. शहरातल्या नोकरदाराच्या कपातीतून गावातल्या मजुराची हमी, असं ते जोडलेलं होतं. राज्याने हमीचा खर्च स्वतः कसा उभा केला, याचं हे तयार उदाहरण आजच्या ४० टक्क्यांच्या चर्चेत वापरा, कोणी वापरत नाही.

२००५ च्या कायद्यातल्या कलम २८ मध्ये सवलत होती: राज्याचा स्वतःचा कायदा असेल आणि त्यातले हक्क कमी नसतील तर राज्य तोच राबवू शकतं. म्हणून महाराष्ट्राने १९७७ चा कायदा रद्द न करता सुधारून चालू ठेवला. १०० दिवसांपर्यंत केंद्राच्या निधीतून, त्यापुढच्या दिवसांची मजुरी राज्याच्या तिजोरीतून. आपल्याकडे ‘मनरेगा’ आणि ‘रोहयो’ (रोजगार हमी योजना) हे शब्द अदलून-बदलून वापरतात ते त्यामुळेच.

केंद्राचा २००५ चा कायदा गेला म्हणून राज्याचा १९७७ चा आपोआप जात नाही. रोजगार आणि बेरोजगारी हा विषय समवर्ती सूचीत, नोंद २३. दोन्ही कायद्यांत विसंगती असेल तेवढ्यापुरता केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, अनुच्छेद २५४. नवा कायदा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत राज्याने आपली योजना अधिसूचित करायची आहे, त्यामुळे नियोजन विभागाच्या रोहयो प्रभागाच्या शासन निर्णयांवर लक्ष ठेवा. राज्याच्या आर्थिक पाहणीतला रोहयोचा तक्ताही त्या आधी आणि नंतर असा दोन वर्षांचा शेजारी ठेवून बघा.

---

कलम_बाविसावं:

१५ गुणांबद्दल राहिलं. २५० शब्द आहेत, त्यातले प्रस्तावनेला ३० पेक्षा जास्त देऊ नका. अनुच्छेद ४१ (कामाच्या हक्काचं मार्गदर्शक तत्त्व) आणि ‘हक्काधारित योजना’ एवढं पुरे. लगेच शंभर रुपयांचं गणित. त्यानंतर नियतवाटप आणि दुष्काळी वर्ष. मग बदलाच्या बाजूचे मुद्दे: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ६ वरून ९ टक्के, कामांचे चारच गट (जलसुरक्षा, ग्रामीण पायाभूत सुविधा, उपजीविकेशी निगडित सुविधा, टोकाच्या हवामानाला तोंड देणारी कामं), ग्रामपंचायतीचा आराखडा खालून वर. राज्याचा पैसा अडकला की देखरेख सुधारते, हा युक्तिवादही प्रामाणिकपणे लिहा.

संघराज्याचा प्रश्न असेल तर एक बारीक धागा आहे. २०१५ मध्ये केंद्र पुरस्कृत योजनांची फेररचना सुचवणारा मुख्यमंत्र्यांचा उपगट नीती आयोगाने नेमला, त्याचे निमंत्रक शिवराजसिंह चौहान होते. त्या वर्गवारीत ‘गाभ्यातल्या गाभ्याच्या’ (कोअर ऑफ द कोअर) सहा योजनांत मनरेगा होती, म्हणजे नेहमीच्या ६०:४० पासून बाहेर ठेवलेली. दहा वर्षांनी ग्रामविकास मंत्री म्हणून नवं विधेयक त्यांनीच मांडलं, आणि हमी ६०:४० मध्ये आली.

---

पूर्व_पुन्हा_एकदा:

सर्वांचे आभार. दोन विधानं स्वतः बनवलीत, तपासाल का?

(अ) नव्या कायद्यानुसार मजुरी व साहित्य यांचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात सर्व राज्यांसाठी ६०:४० असा विभागला जातो.
(ब) कृषी हंगामातील ६० दिवसांचा खंड केंद्र सरकार अधिसूचित करते.

---

राजपत्र_वाचक:

दोन्ही चूक. (अ) मध्ये ‘सर्व राज्यांसाठी’ने विधान पाडलं, (ब) मध्ये अधिसूचना राज्याची. सापळे चांगले लावलेत. (अ) मधून ‘सर्व राज्यांसाठी’ काढून ‘गोव्यासाठी’ टाका, विधान बरोबर होईल आणि निम्मे लोक लहान राज्य म्हणून ९०:१० वर खूण करतील.