मदत हवी आहे: दर पेशंटमागे कमिशन (फ्लोरिडा)

इथल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मार्केटिंगची ऑफर आहे. डब्ल्यू-टू पगारी नोकरी, कंत्राटी नाही. पत्रात ‘दाखल होणाऱ्या दर पेशंटमागे ३०० डॉलर’ अशी ओळ आहे, तिथेच अडलोय. पेशंट सगळे खासगी विम्याचे. एचआर म्हणतं, अशा कमिशनवरच्या कायदेशीर बंदीतून पगारी नोकराला सूट असते. पण २०१८चा एक्रा (व्यसनमुक्ती केंद्रांत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशनला बंदी घालणारा अमेरिकी केंद्रीय) कायदा खासगी विम्यालाही लागू होतो आणि मोबदला पेशंटच्या संख्येवर ठरत असेल तर ती सूट मिळत नाही, असं वाचलं. शिक्षा १० वर्षांपर्यंत. (आत एचआर थोडंच जाणार!) ठरावीक पगार मागितला, तर ‘मग वर्षअखेरीस बोनस देऊ’ म्हणाले. वकील गाठतोय, पण सही शुक्रवारी आहे. पेशंटच्या आकड्यावरचा वार्षिक बोनसही यात अडकतो का? नाहीतर बोनस कशावर लिहून घेऊ?