धंद्यात मेंटॉरचा खरंच उपयोग होतो का? अनुभव सांगा प्लीज

भांडुपची_लेक:
नमस्कार मंडळी. भांडुपला आमचा गाळा आहे, औषधांच्या आणि मसाल्यांच्या खोक्यांचं प्रिंटिंग, डाय कटिंग, पेस्टिंग असं सगळं. बाबांनी १९९६ ला सुरू केलं, त्यांची बायपास झाल्यापासून तीन वर्षं मीच बघतेय. १४ माणसं आहेत, काम भरपूर आहे, दोन शिफ्ट चालतात, पण दर महिन्याला पगाराची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो कारण खात्यात पैसेच नसतात आणि का नसतात ते मला नीट सांगता येत नाही. सीएंना विचारलं तर म्हणतात प्रॉफिट आहे की. बाबांना विचारायची भीती वाटते, टेन्शन घेतील. नवरा आयटीत आहे, शांतपणे ऐकून घेतो पण त्याला यातलं कळत नाही. ओळखीतून एका बिझनेस कोचचं नाव आलंय, वर्षाचे दोन लाख म्हणतोय. मैत्रीण म्हणते त्यापेक्षा एखादा अनुभवी मेंटॉर शोध. मला मुळात हेच कळत नाहीये की मेंटॉर करतो काय? तुमच्यापैकी कोणाला असेल तर खरं खरं सांगा.

वागळे_फॅब्रिकेशन:
ताई, तुमचं वाचलं आणि मला माझं २०१४ साल आठवलं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझं फॅब्रिकेशन आहे. तेव्हा टर्नओव्हर वाढत होता आणि मी मात्र बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून पगार करत होतो, हे बायको सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या नात्यातले एक काका दादरला राहायचे, मोठ्या कंपनीच्या परचेसमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गेलो ते खरं तर ओळखीने एखादी ऑर्डर मिळेल म्हणून. त्यांनी ऑर्डरचं नावच काढलं नाही. म्हणाले, पुढच्या शनिवारी उधारीची वही घेऊन ये.

गेलो. त्यांनी एक कोरा कागद घेतला, पेन्सिलीने तीन रकाने पाडले, बिलाची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, मधले दिवस. आणि कागद माझ्याकडे सरकवला, तू भर. मी भरत गेलो तसा माझा हात जड व्हायला लागला. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ज्याच्या जिवावर मी धंदा वाढवला असं सगळ्यांना सांगायचो, ते १२० दिवसांनी पैसे देत होतं. मग म्हणाले आता एकाच बिलाचं व्याज काढ. १८ लाखांचं बिल, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) ११ टक्क्यांनी, १२० दिवस, म्हणजे ६५ हजार नुसतं व्याज, आणि त्या जॉबमध्ये मला सुटत होते जेमतेम ९० हजार. सीएंच्या कागदावर तो प्रॉफिट बरोबरच होता हो, पण पैसे गिऱ्हाइकाकडे होते आणि मी बँकेकडून व्याजाने घेऊन पगार करत होतो. तुमचं पण बहुतेक हेच असणार, आधी हे तपासा.

काकांनी पुढे काय कर हे एकदाही सांगितलं नाही. फक्त विचारलं, हे गिऱ्हाईक उद्या गेलं तर? रात्रभर झोप नाही. शेवटी मी स्वतः जाऊन ६० दिवसांवर बोलणी केली, त्यांनी माझं अर्धं काम कमी केलं, ते वर्ष टर्नओव्हर खाली आला. पण सीसी हलकी झाली आणि बांगड्या सोडवल्या. पुढे पाच वर्षं महिन्याचा पहिला शनिवार ठरलेला होता, एक पैसा घेतला नाही, पण हिशेब न घेता गेलो तर दारातून परत पाठवायचे. मालकाला धंद्यात खरं विचारणारं कोणी नसतं ताई. कामगार विचारू शकत नाही आणि घरच्यांना आपणच सांगत नाही. माझ्या मते मेंटॉर त्यासाठीच लागतो.

हिशेबनीस:
वरच्या दादांच्या मुद्द्याला जोडून. ताई, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? नसेल तर आधी करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. शिवाय २०२३-२४ पासून असं वेळेत न दिलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचं. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापा. मात्र कायदा दाखवायचा की गोडीने घ्यायचं हे गिऱ्हाईक बघून ठरतं, आणि तिथे जुना जाणता माणूसच कामाला येतो.

अंधेरी_ऑपरेशन्स:
मी मालकीण नाही, नोकरीत मॅनेजर आहे, तरी लिहिते. ज्यांच्यासोबत डबा खायचे त्यांचीच मॅनेजर झाले, २२ जणांची टीम, आणि सहा महिन्यांत रडकुंडीला आले, रात्री साडेनऊच्या आधी ऑफिस सुटायचंच नाही. माझ्या जुन्या बॉस, आता दुसऱ्या कंपनीत आहेत, त्यांनी एक आठवडा फक्त लिहायला लावलं की टीममधलं कोण किती वेळा काय विचारायला येतं. मंगळवारी ३१ वेळा! आणि ३१ वेळा मी उत्तर देऊन मोकळी. मॅडम म्हणाल्या, तू त्यांना विचार करायला वेळच देत नाहीस. तेव्हापासून आधी विचारते, तुला काय वाटतं? पहिला महिना फार जड गेला, काही चुका पण झाल्या, पण आता साडेसहाची लोकल मिळते.

एक सांगते, मेंटॉर आपला थेट बॉस नको. जो अप्रेझल लिहितो त्याच्यासमोर मला जमत नाहीये असं कोण बोलेल?

गिरगाव_ते_गोरेगाव:
कुठे शोधायचा ते सांगतो. सॅटर्डे क्लब आपल्या मराठी उद्योजकांचाच आहे, मीटिंगला पाहुणे म्हणून जाऊन बघा. मुंबईत टाय ही उद्योजकांची संस्था आहे, पण तिकडे स्टार्टअपवाले जास्त. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून तरुण उद्योजकांना मेंटॉर जोडून देतोय. अमेरिकेत तर स्कोअर म्हणून संस्था १९६४ पासून हे काम फुकट करते, रिटायर झालेले लोक छोट्या धंदेवाल्यांसोबत बसतात, आपल्याकडे इतके अनुभवी लोक घरी बसून आहेत, असं मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. कोच वाईट असतात असं नाही, पण दोन लाख द्यायच्या आधी त्याला विचारा की तुम्ही स्वतः कधी पगार वाटलेत का.

भांडुपची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर ते तीन रकाने भरायला बसले. एक पार्टी ९७ दिवस, एक ११२. बाबा पाणी प्यायला उठले होते, मागे येऊन उभे राहिले, मी कागद झाकायला गेले तर म्हणाले चष्मा दे माझा. मग बसले ना साडेबारापर्यंत. त्या ११२ वाल्यांकडे बिल २५ तारखेच्या आत पोचलं तरच पुढच्या महिन्याच्या पेमेंटला लागतं, हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी बिलं पाठवत होते ३० ला. बाबांनीच सकाळी त्यांच्या जुन्या कागदवाल्या काकांना फोन लावला, गिरगावात असतात, मुलाकडे धंदा सोपवून आता मोकळे आहेत. गुरुवारी चारला बोलावलंय. वही घेऊन ये म्हणाले.