शब्दचर्चा: 'गुंतागुंत' कोणाची, आजाराची की औषधाची?

गोदाकाठची

निफाडच्या माझ्या मावशीला दीड वर्षापूर्वी एक आजार निघाला. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मनमाडजवळचे अंकाई-टंकाई किल्लेच आठवले: 'अँका असोसिएटेड व्हॅस्क्युलायटिस', म्हणजे लहान रक्तवाहिन्यांचा एक आजार. आधी सायनस म्हणून औषधं झाली, मग नाकातून रक्ताळलेल्या खपल्या, मग खोकल्यातून रक्त. चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. पाय सुजले आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं तेव्हा कुठे अँकाची रक्ततपासणी झाली. आता बरी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मागच्या आठवड्यात तिला नाशिकला तपासणीला नेलं. तिथे या आजाराच्या एका अभ्यासात नाव नोंदवायचं का, असं विचारून चार पानी मराठी संमतीपत्र हातात दिलं. घरी नेऊन वाचा, घाई नाही, असं डॉक्टर म्हणाले, हे चांगलंच. मावशी सातवी शिकलेली, रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचणारी. तिने दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे होतं: 'सदर नैदानिक अनुसंधानामध्ये रोगाशी निगडित गुंतागुंतींची नोंद घेण्यात येईल.' मला म्हणाली, "गुंता कसला गं? माझ्यात कसला गुंता झालाय?"

मी पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, तरी मला तिला एका वाक्यात सांगता आलं नाही. तिचा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यासारखा झालाय, तो स्टिरॉइडमुळे. नाकाचा दांडा खचलाय, तो आजारामुळे. मध्ये नागीण उठली, ती प्रतिकारशक्ती दाबल्यामुळे. संमतीपत्रात तिन्हीला एकच शब्द. तर 'गुंतागुंत' हा शब्द इथे बरोबर आहे का? आणि 'क्लिनिकल'साठी घातलेल्या 'नैदानिक'चं काय करायचं?

म्हसरूळ फाटा

'नैदानिक' सरळ काढून टाका. हिंदीतून उचललेला आहे. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणे, त्यामुळे 'नैदानिक संशोधन' म्हटलं की वाटतं रोग कसा ओळखायचा त्याचा अभ्यास चाललाय. आमच्या आरोग्य विद्यापीठाच्या परिसरात 'चिकित्सालयीन' ऐकू येतो, पण तो फळ्यावरच बरा दिसतो. मावशींना नवं औषध देणार नसतील, फक्त नोंदी ठेवणार असतील तर 'रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास' एवढं पुरे. औषधाची तुलना असेल तर 'औषध-चाचणी' लिहा. नुसतं 'चाचणी' नको. त्याने लोक रक्त द्यायला बाही वर करतात.

पंचवटीकर

त्याच पत्रात 'प्रतिपिंड' पण असेल बघा. म्हणजे मूत्रपिंडावर प्रतिपिंडाचा हल्ला! रामकुंडाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवलं तर तो आधी गुरुजींना फोन लावेल. कोविडनंतर 'अँटिबॉडी' सगळ्यांना पाठ झालंय, तेच ठेवा.

गोदाकाठची

आहे ना! आणि 'आत्मप्रतिपिंड' पण आहे. मावशी म्हणाली, "आत्म्यालाही पिंड लागला का आता?"

काढा आणि चूर्ण

'गुंतागुंत' हा अलीकडचा वर्तमानपत्री शब्द. आयुर्वेदात याला अगदी नेमका शब्द आहे: उपद्रव. चरकसंहितेत विसर्प या त्वचेवर पसरणाऱ्या रोगाच्या प्रकरणात त्याची व्याख्याच दिली आहे. मूळ रोग झाल्यानंतर उद्भवणारा, त्याच रोगाच्या आश्रयाने राहणारा, लहान असो वा मोठा, पण स्वतः रोगच असलेला, तो उपद्रव. मागून जन्मतो म्हणून उपद्रव. आज त्याचा अर्थ माकडांचा उपद्रव, डासांचा उपद्रव एवढाच उरला, तो आपला करंटेपणा. मी संमतीपत्रात 'उपद्रव' लिहीन आणि खाली एका ओळीत अर्थ देईन.

म्हसरूळ फाटा

वैद्यबुवा, अर्थ खाली लिहावा लागला की शब्द हरला. पण व्याख्या झकास आहे. प्रश्न एवढाच की मोतीबिंदू रोगाच्या आश्रयाने आला की गोळीच्या?

काढा आणि चूर्ण

गोळीच्या. म्हणजे तो उपद्रव नाही, हे मान्य.

रात्रपाळी

मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये वीस वर्षं गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. ताईंची मावशी जे विचारते आहे ते भाषेचं कुतूहल म्हणून सोडून देण्यासारखं नाही. या आजाराच्या संशोधनाचा अर्धा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

या आजारात काही पांढऱ्या पेशींविरुद्ध शरीर स्वतःच अँटिबॉडी तयार करतं, त्याच 'अँका'. त्या चिकटल्या की पेशी खवळतात आणि लहान रक्तवाहिन्यांच्या भिंती खातात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा या अँटिबॉडीची नोंद झाली, १९८५ मध्ये याच गटातल्या वेगनरच्या आजाराशी तिचा संबंध जोडला गेला. (ते जुनं नाव २०११ पासून मागे पडलं. वेगनर नाझी पक्षात होता, हे पुढे उजेडात आलं होतं. एखादा शब्द का टाकावा याचं हे सबळ कारण!) औषधं नव्हती तेव्हा बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जात. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फमाइड आणि स्टिरॉइड आलं आणि माणसं जगू लागली. जगू लागली तेव्हा हिशेब सुरू झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९२ मध्ये १५८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात आजाराने कायमची इजा झालेले ८६ टक्के आणि उपचारांनी इजा झालेले ४२ टक्के, असे दोन आकडे वेगवेगळे मांडले आहेत. तुमच्या संमतीपत्रात हे दोन्ही 'गुंतागुंती'तच गेले असते. पुढे २०१० मध्ये युरोपातल्या चार चाचण्यांमधले ५२४ रुग्ण एकत्र पाहिले. पहिल्या वर्षात ११ टक्के दगावले. त्या मृत्यूंपैकी ५९ टक्के उपचारांशी निगडित कारणांनी, मुख्यतः जंतुसंसर्गाने, आणि धगधगत्या आजाराने फक्त १४ टक्के. हे वाचलं तेव्हा मी स्टिरॉइडचा कागद लिहिताना हात आखडता घ्यायला लागलो. २०२० मध्ये 'पेक्सिव्हास' ही ७०४ रुग्णांची चाचणी आली. तिने दाखवलं की स्टिरॉइड बरंच कमी दिलं तरी मृत्यू किंवा कायमचं डायलिसिस यांत तोटा नाही, उलट पहिल्या वर्षात गंभीर संसर्ग कमी. त्याच चाचणीत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा मात्र त्या दोन गोष्टींवर फायदा दिसला नाही, आणि तो उपचार घरं गहाण टाकून केलेले लोक मी पाहिले आहेत.

म्हणून माझं मत: एक शब्द नको, तीन घ्या. आजार आत्ता पेटलेला आहे त्याला 'आजाराची सक्रियता'. भरून न येणारं जे मागे राहिलं त्याला 'हानी'. औषधाने केलं ते 'दुष्परिणाम'.

पण इथे एक गंमत आहे. हानी मोजायची जी पट्टी जगभर वापरतात, 'व्हॅस्क्युलायटिस डॅमेज इंडेक्स', तिच्यात ६४ बाबी आहेत आणि नियम असा की आजार सुरू झाल्यानंतर आलेली आणि तीन महिने टिकलेली हानी मोजायची, कारण विचारायचं नाही. नाक खचलं, एक गुण. मोतीबिंदू, एक गुण. कारण कित्येकदा ते ठरवताच येत नाही. रक्तदाब मूत्रपिंडामुळे वाढला की स्टिरॉइडमुळे, छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही.

पिंपळगाव बसवंत

डॉक्टरसाहेब, आम्ही द्राक्षबागवाले. आमच्याकडं पान करपलं की भांडण हेच असतं. डाऊनी रोगानं गेलं की फवारणीनं? रोगाचा डाग वेगळा दिसतो, औषध जास्त झाल्याचा चट्टा वेगळा दिसतो, पण पंधरा दिवसांनी दोन्ही सारखेच वाळतात. मोजणारा म्हणतो इतकी पानं गेली. बरोबर आहे, गेलं ते गेलं. पण उद्याची फवारणी वाढवायची की थांबवायची हे मला ठरवायचंय, तर मला कशानं गेलं ते विचारावंच लागतं ना? मावशींचं पण तेच असेल.

रात्रपाळी

हे मी आमच्या रेसिडेंटना सांगणार आहे, द्राक्षबागेसकट.

शालिमारचा शेंगदाणा

मी 'गुंतागुंत'ची बाजू घेतो, कोणी घेत नाही म्हणून. 'बाळंतपणात गुंतागुंत झाली' म्हटलं की घरचे उठून उभे राहतात. शब्दाला वजन आहे. 'हानी' म्हटलं की पंचनामा, अतिवृष्टी, तलाठी. 'दुष्परिणाम' म्हटलं की लोक गोळी बंद करून टाकतात, विशेषतः व्हॉट्सॲपवर वाचणारे. नीट विचार करा.

रात्रपाळी

शेवटचा मुद्दा खरा आहे. स्टिरॉइड अचानक बंद केलेला रुग्ण पहाटे चार वाजता येतो. पण म्हणून दुष्परिणाम लपवून लिहायचे का? संमतीपत्रात तर नाहीच.

आणि चौथी एक संज्ञा राहिली: 'प्रतिकूल घटना'. औषध-चाचणीच्या काळात रुग्णाला जे काही वाईट होईल ते, औषधाने झालं असो वा नसो. द्वारका सर्कलला स्कूटर घसरून पाय मोडला तरी ती प्रतिकूल घटना, आणि भरती करावं लागलं तर गंभीर प्रतिकूल घटना. आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांनुसार ती २४ तासांत कळवावी लागते. इथे 'गंभीर' म्हणजे दुखणं तीव्र आहे असं नव्हे. प्रचंड डोकेदुखी तीव्र असते, पण भरती झाला नाही, जिवावर बेतलं नाही तर 'गंभीर' नव्हे. मराठी प्रतींत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल झालेली असते.

एक सिस्टर

वॉर्डातलं सांगू का? वरचे शब्द ठीक, पण अडचण 'सूज' शब्दाची जास्त येते. रक्तवाहिन्यांना सूज म्हटलं की पेशंट पायावर बोट दाबून दाखवतो, खड्डा पडला म्हणून. 'दाह' म्हटलं की म्हणतो, "जळजळ नाही हो होत." 'शोथ' कोणालाच कळत नाही. आणि 'नसांना सूज' लिहिलं की संपलंच. आपल्याकडे नस म्हणजे रक्ताची पण, मज्जातंतू पण, आणि मानेत लचकते ती पण नसच.

काढा आणि चूर्ण

आयुर्वेदात शोथ म्हणजे ती पायावरचीच सूज. सिस्टरांचं खरं आहे, 'रक्तवाहिनीशोथ' हा आमच्या माणसालाही फसवेल.

रात्रपाळी

या आजारात घोटाळा आणखी वाढतो. मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडल्या की पाऊल लुळं पडतं, चप्पल पायातून निसटते. म्हणजे रक्ताची 'नस' बिघडल्यामुळे दुसरी 'नस' मरते. आणि मूत्रपिंड बिघडल्याने पायावर पाणी धरतं ती सूज तिसरीच. मी रुग्णाला सांगतो, "रक्ताच्या बारीक नळ्यांच्या भिंती आतून सोलवटल्या आहेत." शास्त्रशुद्ध नसेल, पण त्यानंतर कोणी पायावर बोट दाबत नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. 'सोलवटल्या' मी चोरते आहे.

काल संध्याकाळी मावशीसमोर बसून वाक्य नव्याने लिहिलं: 'या आजारामुळे शरीराची जी कायमची हानी होते आणि औषधांमुळे जे त्रास होतात, ते दोन्ही आम्ही वेगवेगळे लिहून ठेवू. कशामुळे झालं हे ठरवता आलं नाही, तर तसं लिहू.' दुसरं वाक्य मूळ पत्रात नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले अर्जात तसा रकाना आहेच, फक्त पत्रात सांगितलेलं नव्हतं. अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीकडे बदललेली प्रत पाठवतो म्हणाले. बघू.

एक शब्द अजून अडलाय. रिमिशनला, म्हणजे आजार शांत झालेल्या अवस्थेला, पत्रात 'उपशम' होता, मी 'आटोक्यात' केला. मावशीने तोही खोडला. म्हणाली, "निवळलंय म्हण. विहिरीचं पाणी निवळतं तसं. गाळ तळाला असतोच." आजार परत येण्याला तिचा शब्द 'उलटणे', दुखणं उलटलं. मला आवडला, पण उलटी वाचतील का लोक?

एक सिस्टर

वाचतील. रुग्णासमोर बोलताना 'उलटला' चालेल, कागदावर 'पुन्हा उफाळला' लिहा.

पिंपळगाव बसवंत

'निवळलं' एक नंबर. द्राक्षावरच्या भुरी रोगाला आम्ही कधीच 'गेली' म्हणत नाही.

रात्रपाळी

'निवळलं' मीही घेतला. गाळाचंही बरोबर आहे, निवळल्यानंतर औषध चालू ठेवावंच लागतं. २०१४ च्या फ्रान्समधल्या एका चाचणीत ११५ रुग्ण होते. ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना २८ महिन्यांत आजार जोरात उफाळला, ठरावीक अंतराने सलाईनमधून रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांना. या टप्प्याच्या उपचाराला मात्र मला अजून शब्द सापडलेला नाही. 'देखभाल उपचार' म्हटलं की लिफ्टची आठवण येते.

गोदाकाठची

मी 'राखणीचं औषध' लिहिलंय. मावशी म्हणते, राखणीला बसणाऱ्याला रात्रीची भाकरी द्यावी लागते, तुमच्या त्या दर सहा महिन्यांच्या सलाईनचं बिल कोण देणार ते पण लिही त्या कागदावर. तेवढं पान तीनवर आहे का, ते आता शोधते.