पेंग्विनचा आकार: थंडी की खाणं?

'अंटार्क्टिकाच्या थंडीमुळे एम्परर पेंग्विन एवढा मोठा झाला' असं अनेकदा म्हटलं जातं, पण ते मला अर्धंच पटतं. त्याच थंडीत राहणारा ॲडेली पेंग्विन जेमतेम चार-पाच किलोंचा असतो. राणीच्या बागेतले हंबोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फाशी संबंध नाही, पण वजन साधारण ॲडेलीएवढंच!

मला वाटतं, कोण किती खोलवर जेवायला जातो हेही पाहायला हवं. ॲडेली मुख्यतः वरच्या थरातले क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि छोटे मासे खातो. एम्परर मासे आणि स्क्विडसाठी ५०० मीटरच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत. शरीर वाढतं तसा रक्तात आणि स्नायूंत मावणारा ऑक्सिजन जवळपास वजनाच्याच प्रमाणात वाढतो, खर्च मात्र त्यापेक्षा कमी वेगाने वाढतो. म्हणजे ३० किलोंच्या एम्पररला एका श्वासात जास्त वेळ पाण्याखाली काढता येतो.

मग उत्तरेचे मर (murre, बुडी मारून मासे पकडणारे समुद्रपक्षी) तेवढे मोठे का नाहीत? कारण त्यांना उडायचंही असतं. जेमतेम किलोभर वजन, तरी १०० मीटरपेक्षा खोल बुडी मारतात, आणि आखूड पंखांमुळे उडताना अक्षरशः दमछाक होते. त्यांचाच नातेवाईक ग्रेट ऑक (१९व्या शतकात शिकारीने संपवला) उडणं सोडून पाच किलोंपर्यंत गेला होता. उलट त्याच कुळातला लिटल ऑक जेमतेम दीडशे ग्रॅमचा. तो तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे चिमुकले कवचधारी जीव) एकेक करून टिपतो. असल्या खाण्यावर पाच किलोंचा देह पोसणं अवघडच.